कुत्रा पंजे का चाटतो?

पावसाळ्यात अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर भागातल्या कोणत्याही गल्लीतून जरा सावकाश चालत जा. एखाद्या दुकानाच्या पायरीवर, रिक्षाखाली किंवा इमारतीच्या जिन्यात बसलेला कुत्रा आपला पंजा चाटत असलेला तुम्हांला हमखास दिसेल. तुमच्या घरी कुत्रा असेल, तर हे दृश्य तुमच्या रोजच्या परिचयाचे असेल. बहुतेक वेळा आपण त्याकडे लक्ष देत नाही. ‘सवय आहे त्याला’ असे म्हणून मोकळे होतो.

पण काही कुत्रे थांबतच नाहीत. रात्री सगळे झोपल्यावरही चप्‌चप् असा आवाज येत राहतो. बोटांमधले केस तांबूस होतात, कातडी लाल होते, आंबूस वास येऊ लागतो आणि शेवटी कुत्रा लंगडू लागतो. मग घरातील मंडळी त्याला रागावतात, पंजाला कडू पदार्थ लावतात किंवा कपाटातले माणसांचे औषध काढून देतात. यांपैकी कशानेही मूळ दुखणे जात नाही. काही उपायांनी तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

पंजे चाटणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप जसा हिवतापाने येतो, विषमज्वराने येतो, तसेच हे आहे. एकाच लक्षणामागे निरनिराळी कारणे असू शकतात. त्यांतले खरे कारण कोणते हे शोधायचे कसे, ते या लेखात पाहू.

पंजाची रचना

आपण संपूर्ण तळपाय टेकून चालतो. कुत्रा मात्र बोटांवर चालतो. ज्याला आपण त्याचा मागचा गुडघा उलटा वळला आहे असे समजतो, ती वस्तुतः त्याची टाच असते! प्रत्येक बोटाखाली एक आणि बोटांच्या मागे एक मोठी, अशा मऊ गाद्या असतात. पुढच्या पायांवर मनगटापाशी आणखी एक लहान गादी असते. गादीची वरची कातडी जाड व खडबडीत असते. तिच्या आत चरबीचा थर असतो. चालताना व उडी मारताना बसणारे धक्के हा थर झेलतो.

दोन बोटांमधली कातडी मात्र अगदी निराळी, पातळ आणि नाजूक असते. तेथे केस असतात, हवा कमी खेळते आणि ओल साचून राहते. पंजाची बहुतेक दुखणी येथेच सुरू होतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याच्या शरीरावर आपल्यासारखा पाणीदार घाम देणाऱ्या ग्रंथी प्रामुख्याने पंजाच्या गाद्यांत असतात. शरीर थंड ठेवण्याचे मुख्य काम तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून करतो. तपासणीच्या टेबलावर घाबरून उभ्या असलेल्या कुत्र्याच्या पावलांचे ओले ठसे उमटतात, ते या घामाचेच. म्हणजे पंजा मुळातच थोडा ओलसर अवयव आहे. त्यात मुंबईची हवा! सांताक्रूझ येथे दर वर्षी सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात उपनगरांतल्या कुत्र्याचा पंजा दिवसभरात क्वचितच पुरता वाळतो.

थोडे चाटणे स्वाभाविकच

जेवल्यानंतर, फिरून आल्यावर किंवा झोपण्यापूर्वी कुत्रा काही वेळ पंजे चाटतो. ही त्याची अंग स्वच्छ करण्याची रीत आहे. जखम चाटण्यालाही अर्थ आहे. १९९० साली अमेरिकेतील हार्ट आणि पॉवेल या संशोधकांनी कुत्र्याच्या लाळेचा परिणाम काही जंतूंवर तपासला. आतड्यांतील ‘ई. कोलाय’ आणि कुत्र्यांत रोग निर्माण करणारा एक स्ट्रेप्टोकॉकस या जंतूंना लाळ मारते असे त्यांना आढळले. पण त्वचेवर सर्रास सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर तिचा प्रभाव अगदी थोडा होता.

‘कुत्र्याची लाळ म्हणजे औषध’ ही समजूत अर्धवट खरी का आहे, ते यावरून कळेल. लाळ काही जंतूंना आवरते, काहींना आवरत नाही. शिवाय कुत्र्याच्या तोंडात स्वतःचे असंख्य जंतू असतात, आणि खरखरीत जिभेच्या सततच्या घासण्याने कातडी सोलवटते ते वेगळेच.

पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या कुत्र्यात चाटण्याचा पुरावा डोळ्यांना दिसतो. लाळेत व अश्रूंत पोर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. त्यांमुळे वारंवार चाटलेले केस गंजासारखे तांबूस होतात. तुम्ही घरी नसताना कुत्रा काय करतो हे तुम्हांला ठाऊक नसले, तरी त्याचे केस ते सांगतात!

चिखल्यांचे दुष्टचक्र

भातलावणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास उभे राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात, हे तुम्ही ऐकले असेल. पावसाळ्यात ओले बूट-मोजे घालून शाळेत बसणाऱ्या मुलांनाही त्या होतात. बोटांच्या बेचक्यातील कातडी पांढरी पडते, भेगाळते आणि खाजते. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर भिंतीसारखे काम करतो. मृत पेशी या त्या भिंतीच्या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. सतत ओल राहिली की चुना सैल होतो, विटा फुगतात आणि भिंतीला फटी पडतात.

कुत्र्याच्या पंजात नेमके हेच घडते. फरक इतकाच की पावसाच्या ओलीत लाळेची ओल मिसळते. म्हणून पुढील साखळी तयार होते :

खाज येते – कुत्रा चाटतो – कातडी ओली राहते – तिची भिंत कमकुवत होते – जंतू व बुरशी वाढतात – दाह होतो – आणखी खाज येते.

अशा साखळीला दुष्टचक्र म्हणतात. मूळ कारण कितीही लहान असो, एकदा चक्र सुरू झाले की ते स्वतःच्याच बळावर फिरत राहते. यामुळेच उपचारात दोन कामे करावी लागतात. एक, चक्र तोडणे. दुसरे, ज्याने ते सुरू केले ते मूळ कारण दूर करणे. पहिलेच केले आणि दुसरे विसरले, तर काही आठवड्यांत चाटणे पुन्हा सुरू होते.

या चक्रात वाढणारी एक बुरशी म्हणजे मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस. ‘पॅकिडर्म’ म्हणजे जाड कातडीचा प्राणी. कुत्र्याच्या नाजूक बेचक्यात राहणाऱ्या या बुरशीला असे नाव का? कारण १९२५ साली वाइडमन या शास्त्रज्ञाने ती प्रथम वेगळी केली ती कातडीचे पोपडे निघणाऱ्या एका भारतीय गेंड्यापासून! निरोगी कुत्र्याच्या त्वचेवरही ती थोड्या प्रमाणात असते व काही उपद्रव देत नाही. ओल आणि दाह मिळाला की मात्र ती भराभर वाढते. पंजाला येणारा आंबूस वास बऱ्याचदा हिच्यामुळे असतो.

मूळ कारणांचे चार गट

१. बाहेरून येणारे उपद्रव. पावसाळा संपला की बोरिवली-मुलुंडच्या डोंगरउतारांवर गवत पिवळे पडू लागते. त्यातील कुसळी गवताचे कुसळ तुमच्याही कपड्यांत घुसले असेल. त्याचे टोक अणकुचीदार असते आणि त्यावरचे ताठ केस मागच्या दिशेने वळलेले असतात. म्हणून ते पुढे जाते, मागे येत नाही. शिवाय त्याची शेपटी ओली झाली की पीळ सुटतो आणि सुकली की पुन्हा पडतो. या फिरण्याने बी जमिनीत शिरते. पण तेच कुसळ कुत्र्याच्या बोटांमध्ये अडकले, तर ते कातडीत शिरते आणि आत पू धरतो. आघाड्याची बोंडे, गोखरूचे काटे, काचेचे तुकडे यांचाही त्रास होतो.

काही उपद्रव रासायनिक असतात. रस्त्यावरचे ताजे डांबर, फरशी पुसण्याचे फिनाईल, इमारतीच्या दुरुस्तीचे ओले सिमेंट यांनी कातडीची आग होते. पंजाला लागलेला प्रत्येक पदार्थ शेवटी कुत्र्याच्या पोटात जातो, हे विसरू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत चक्क निळे कुत्रे फिरताना दिसले होते. एका कारखान्यातून बाहेर पडलेले निळे रंगद्रव्य त्यांच्या केसांना लागले होते. जवळच्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न त्या वेळी गाजला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्यावर कारवाई केली. रंग निळा होता म्हणून तो लोकांना दिसला. रंगहीन रसायने कुत्र्याच्या पायाला लागतात, तेव्हा ती कोणालाच दिसत नाहीत.

२. परोपजीवी प्राणी. गोचीड बोटांच्या बेचक्यात लपून बसते. लहान, गोल, करड्या दाण्यासारखी ती दिसते. रक्त तर ती पितेच, शिवाय एर्लिकिया व बबेसिया यांसारखे रोगजंतू कुत्र्याच्या रक्तात सोडते. पिसवांच्या लाळेची काही कुत्र्यांना ॲलर्जी असते. डेमोडेक्स नावाची सूक्ष्म कीड केसांच्या मुळांत राहते. ती पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळते आणि प्रतिकारशक्ती कमी पडली की फोफावते. खरजेची कीड कातडीत बोगदे करते. आकडेकृमीच्या अळ्या घाणेरड्या मातीतून थेट पंजाच्या कातडीत शिरतात. याच अळ्या अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायातही शिरतात व कातडीखाली नागमोडी लाल रेषा उमटवतात. म्हणजे कुत्र्याला वेळेवर जंताचे औषध देणे हे मुलांच्याही हिताचे आहे.

३. ॲलर्जी. शरीराची संरक्षणव्यवस्था जंतूंशी लढण्यासाठी असते. कधी कधी ती धुळीसारख्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते. त्या पदार्थाविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार होतात व त्वचेतील काही पेशींवर जाऊन बसतात. तो पदार्थ पुन्हा आला की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन व इतर द्रव्ये बाहेर टाकतात. इंटरल्यूकिन-३१ नावाचे एक प्रथिन तर थेट मज्जातंतूंना चेतवते आणि खाज सुटते.

ॲलर्जी झालेला माणूस बहुधा शिंकतो. कुत्र्यात ती प्रामुख्याने त्वचेवर, म्हणजे पंजे, कान, काखा व पोट येथे प्रकट होते. घरातील धुळीत राहणारी, आपल्याच त्वचेच्या कोंड्यावर जगणारी सूक्ष्म कीड हे याचे एक मोठे कारण आहे. ही कीड पाणी पीत नाही, हवेतील बाष्प शोषते. मुंबईची दमट हवा तिला किती मानवत असेल याची कल्पना करा! परागकण व बुरशीचे बीजाणू हीही कारणे असतात. काही कुत्र्यांना अन्नातील प्रथिनांची ॲलर्जी असते. दूध, कोंबडीचे मांस, गहू असे रोजचे पदार्थही त्यात येतात.

४. वेदना आणि मन. सांधा दुखत असला तर कुत्रा त्याच्या आसपास चाटतो. म्हाताऱ्या कुत्र्यात हे विशेष आढळते. मोडलेले नख, बोटाचे गळू हीही कारणे असतात. आणि कधी कधी शरीरात काहीच दोष नसतो. सकाळी आठला सगळे लोकल पकडायला जातात आणि रात्री आठला परततात. बारा तास बंद सदनिकेत एकट्या असलेल्या कुत्र्याला काम काय? तो चाटत बसतो आणि चाटणे हेच त्याचे काम होऊन बसते. मग मनगटाजवळ एकाच जागी केस जाऊन जाड, कडक, ओली जखम तयार होते.

अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट या मनोविकारतज्ज्ञ बाई पुन्हापुन्हा हात धुण्याची सक्ती वाटणाऱ्या मुलांचा अभ्यास करीत होत्या. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली अशा सतत चाटणाऱ्या कुत्र्यांना त्या मुलांसाठी वापरले जाणारे क्लोमिप्रामिन हे औषध देऊन पाहिले. कुत्र्यांचे चाटणे कमी झाले. हात धुणारे मूल व पंजा चाटणारा कुत्रा यांच्या मेंदूंत काही साम्य असावे, असा विचार यातून पुढे आला.

कारण शोधायचे कसे?

पशुवैद्याला रोगी स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही. म्हणून घरच्या माणसांचे निरीक्षण हेच त्याचे निम्मे साधन असते. चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.

किती पंजे? एकच पंजा चाटत असेल, तर त्या पंजातच काही असावे. काटा, जखम, गळू, दुखरा सांधा. दोन किंवा चारही पंजे चाटत असेल, तर ॲलर्जी, ओल किंवा जमिनीवरचा पदार्थ अशा व्यापक कारणाकडे बोट जाते.

केव्हापासून आणि कोणत्या ऋतूत? अचानक आज सुरू झाले, तर काटा किंवा भाजणे संभवते. पावसाळ्यातच होत असेल, तर ओल, बुरशी, ऋतूतील ॲलर्जी यांचा संशय घ्यावा. बाराही महिने असेल, तर अन्न किंवा घरातील धूळ.

दिवसाच्या कोणत्या वेळी? फरशी पुसल्यावर, फिरून आल्यावर, की एकटा असताना?

आणखी कोठे खाजते? कान, काखा, शेपटीचे मूळ?

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, मुलुंडच्या एका चाळीत मोती नावाचा कुत्रा आहे. जुलैपासून तो पुढचे दोन्ही पंजे चाटतो. बेचकी लाल आहेत, वास आंबूस आहे. घरातील मुलीने संध्याकाळच्या चार तासांत तो किती मिनिटे चाटतो ते आठवडाभर मोजले. सरासरी पन्नास मिनिटे निघाली. जखम नाही, लंगडत नाही, जेवण ठीक आहे. तिच्या मनात तीन तर्क आले. फरशीवरचे फिनाईल, पावसाची ओल, किंवा कंटाळा.

तिने तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर गुण कशाने आला हे कधीच कळले नसते. म्हणून तिने एका वेळी एकच बदल केला. आठ दिवस फरशी नुसत्या पाण्याने पुसली. सरासरी अठ्ठेचाळीस मिनिटे. म्हणजे फिनाईल हे मुख्य कारण नव्हे. पुढचे आठ दिवस फिरून आल्यावर पंजे धुऊन नीट कोरडे केले. सरासरी तीस मिनिटे. ओलीचा वाटा आहे, पण सगळे उत्तर तेथे नाही. मग घरच्यांनी मोतीला वही घेऊन पशुवैद्याकडे नेले. डॉक्टरांनी बेचक्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती रंगद्रव्यात बुडवली व सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराच्या जांभळ्या पेशींचे पुंजके दिसले. बुरशी! औषधी द्रावणाने पंजे धुणे चालू झाले आणि महिन्याभरात चाटणे आठ मिनिटांवर आले.

गोष्ट येथे संपली का? नाही. औषध थांबल्यावर सहा आठवड्यांनी आकडा पुन्हा पंचवीसवर गेला. पाऊस तर संपला होता. मग बुरशी पुन्हा का वाढली? म्हणजे बुरशीच्या मागे आणखी कोणी तरी उभे आहे. आता डॉक्टर ॲलर्जीचा शोध घेतील. ही वही नसती, तर ‘औषध लागू पडले नाही’ एवढेच घरच्यांनी म्हटले असते. खरे पाहता औषध लागू पडले होते. अपुरे होते ते निदान.

उपचार

घरी करता येण्याजोगे उपाय साधे आहेत. फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुवावेत आणि सुती फडक्याने प्रत्येक बेचकी टिपून कोरडी करावी. धुण्यापेक्षा कोरडे करणे अधिक महत्त्वाचे. बोटांमधले लांब केस मोठ्या माणसाने काळजीपूर्वक कापावेत. डांबर चिकटले असेल, तर खाण्याचे तेल चोळून ते मऊ करावे व नंतर पुसावे. उन्हाळ्यात फिरायला नेण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हांला सोसत नसेल, तर त्यालाही सोसणार नाही. एकट्या राहणाऱ्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ वास घेत हिंडू द्या, चघळायला खेळणे द्या. चाटल्याबद्दल मारू नका. भीतीने चाटणे वाढते.

पुढील उपाय पशुवैद्यानेच ठरवायचे असतात. बुरशी व जंतूंसाठी क्लोरहेक्सिडिनसारख्या औषधाचे धुणे; पू खोल असेल तर प्रतिजैविके, तीही शक्य तर जंतूंची वाढ करून तपासल्यावर. गोचीड व किडींसाठी योग्य मात्रेची औषधे. अन्नाच्या ॲलर्जीचा संशय असेल, तर कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेल्या प्रथिनाचे अन्न सुमारे आठ आठवडे द्यायचे. या काळात बिस्किटाचा एक तुकडाही नाही! गुण आल्यावर जुने अन्न पुन्हा देऊन पाहायचे. खाज परतली, तर निदान पक्के. हा घरच्या स्वयंपाकघरात केलेला शास्त्रीय प्रयोगच होय.

धुळीच्या ॲलर्जीसाठी स्टेरॉइडे पूर्वीपासून वापरली जातात. ती झपाट्याने गुण देतात, पण दीर्घकाळ दिल्यास दुष्परिणाम होतात. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ओक्लासिटिनिब हे औषध खाजेचा संदेशच मध्ये अडवते. काही कुत्र्यांना ॲलर्जीच्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म, वाढत्या मात्रा टोचून शरीराला त्याची सवय लावतात. जखम भरेपर्यंत गळ्यात नरसाळ्यासारखी पट्टी घालतात. ती शिक्षा नव्हे. दुष्टचक्र एका जागी तोडण्याची ती युक्ती आहे.

काय करू नये

रॉकेल, पेट्रोल, गाड्यांचे जळके तेल हे ‘खरजेवरचे उपाय’ म्हणून अजूनही सुचवले जातात. ती विषे आहेत. खोबरेल तेलात कापूर घालून आपण खाजेवर लावतो. माणूस ते चाटत नाही, कुत्रा चाटतो. आणि कापूर पोटात गेल्यास विषारी ठरतो. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. जस्ताचे पांढरे मलम, माणसांची स्टेरॉइडयुक्त मलमे लावू नयेत. जनावरांत सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिनसुद्धा कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना घातक ठरू शकते, कारण त्यांच्यातील एका जनुकाच्या दोषामुळे ते औषध मेंदूत शिरते. ‘शेजारच्या कुत्र्याला लागू पडले’ हे कारण म्हणूनच पुरेसे नाही.

लंगडणे, रक्त, पू, सूज, ताप, खाणे सोडणे यांपैकी काही दिसले तर प्रयोग करीत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

स्वतःची काळजी

दुखरा पंजा ओढला तर ओळखीचा कुत्राही चावू शकतो. तोंड कोणी धरायचे, पंजा कोणी पाहायचा हे मोठ्यांच्या मदतीने ठरवा. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या पंजाला कधीही हात लावू नका. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ उघड्या जखमेला लागली, तरी रेबीज होऊ शकतो; चावाच हवा असे नाही. कुत्रा चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो, तो लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर-घुशींच्या मूत्रातून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. हे जंतू भेगाळलेल्या कातडीतून माणसाच्या आणि कुत्र्याच्याही शरीरात शिरतात. म्हणून कुत्र्याचे फुटलेले पंजे साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नयेत आणि त्याला या रोगाची लसही टोचून घ्यावी. पंजे धुणाऱ्याने नंतर स्वतःचे हात साबणाने धुवावेत.

तुमच्या गल्लीतला एखादा कुत्रा लंगडत असेल, तर त्याला रोज खाऊ घालणाऱ्या व्यक्तीला सांगा. त्या माणसाला तो हात लावू देतो. कुत्र्याच्या एका कानाला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच दिसली, तर त्याचे निर्बीजीकरण झाले आहे व त्या वेळी रेबीजची लसही टोचली आहे असे समजावे. परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय आहे. दिनशा माणेकजी पेटिट यांनी दिलेल्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात शतकाहून अधिक काळ गाई-बैलांपासून कुत्र्या-मांजरांपर्यंत मुक्या रोग्यांवर उपचार होत आले आहेत.

करून पाहा

१. पावसाळ्यानंतर कुसळी गवताचे वाळलेले एक कुसळ चिमट्याने घ्या. त्याचे टोक मातीच्या गोळ्यात उभे खोचा आणि शेपटीवर पाण्याचे दोन थेंब टाका. शेपटी कोणत्या दिशेने फिरते? वाळल्यावर काय होते? दर मिनिटाला किती फेरे होतात ते मोजा.

२. एका बोटाला ओला कापूस गुंडाळून त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा अर्धा तास बांधा (घट्ट नको). सोडल्यावर त्या बोटाची कातडी शेजारच्या बोटाशी ताडून पाहा.

३. घरच्या निरोगी कुत्र्याचे किंवा मांजराचे अंग चाटणे आठवडाभर ठरावीक वेळी मोजा. ‘स्वाभाविक’ म्हणजे किती हे माहीत असल्याशिवाय ‘जास्त’ म्हणजे किती हे ठरवता येत नाही.

विचार करा

एका कुत्र्याचा केवळ उजवा मागचा पंजा ऑक्टोबरमध्ये अचानक सुजला. दुसरा कुत्रा फक्त सोमवार ते शुक्रवार चाटतो, शनिवार-रविवारी नाही. तिसऱ्याचे चारही पंजे बाराही महिने खाजतात आणि कानही लाल असतात. प्रत्येकाच्या बाबतीत तुमचा पहिला तर्क कोणता? तो खोटा ठरवण्यासाठी तुम्ही कोणते निरीक्षण कराल? शिक्षकांनी या प्रश्नांवर वर्गात चर्चा घ्यावी. उत्तराबरोबर त्यामागचे कारणही विद्यार्थ्यांनी सांगितले पाहिजे.